नकटीच्या पाठवणीतलं विघ्न

१

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या सख्ख्या भावाचा बसला नाही, व्याह्यांचा बसला नाही, आणि ज्यांनी हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्यांचाही, मी सांगायला लागल्यावर, बसेनासा झाला. तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका. नुसतं ऐका.

मी तेव्हा सामानाच्या जहाजावर कप्तान होतो. माझ्या वाटेवर दोन बेटं. एक वरचं, एक खालचं. लांब म्हणजे किती? अफवासुद्धा तिथं पोचेपर्यंत इतिहास होऊन जायची. दोन्ही बेटांभोवतीचा समुद्र राखीव. जाळं टाकायचं नाही, शिंपला उचलायचा नाही, पक्ष्याच्या अंड्याकडे तर वाकड्या नजरेनं बघायचंही नाही. वरच्या बेटाचा कारभार बघायच्या ताई, खालच्याचा भाऊ. कामावरची सगळी माणसं त्यांना तसंच म्हणायची, आणि ती दोघंही एकमेकांना तसंच.

मजा अशी, की या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंच नव्हतं. रोज सकाळी रेडिओवर बोलायचे, एवढंच. मासेचोरांची बोट दिसली की एकानं दुसऱ्याला कळवायचं, पंपाचा पट्टा तुटला की माझ्याबरोबर पाठवून द्यायचा, आणि दुसरं काही नसलं की भांडायचं.

"काय भाऊ, उंदीर काय म्हणतात?" ताई रोज विचारायच्या.

"तुमची आठवण काढतात," भाऊ म्हणायचे.

कारण ताईंनी आपल्या बेटावरचा शेवटचा उंदीरसुद्धा संपवला होता, आणि भाऊंच्या बेटावर थोडे उरले होते. थोडे, पण बिलंदर. एक पांढरा समुद्रपक्षी आता फक्त भाऊंच्या एका कड्यावर घरटी करायचा, आणि हे उरलेले उंदीर दर हंगामात त्याची पिल्लं फस्त करायचे. लपलेला उंदीर माणसाला सापडत नाही. त्याला नाक लागतं. ते नाक ताईंकडे होतं. उंदीर हुडकून काढणारी कुत्री, आणि तिचं नाव काय, तर नकटी!

शेवटी दोघांनी ठरवलं, की दोन्ही बेटांचा रीतसर जोडीदारीचा करार करायचा. पक्ष्यांची मोजणी एकत्र, समुद्रावरची नजर एकत्र, आणि हंगामापुरती नकटी भाऊंकडे. सहीसाठी भाऊ माझ्या जहाजातून वरच्या बेटावर आले. होडीतून उतरले तसं ताईंनी त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं आणि मला विचारलं, "भाऊ कुठायत?"

रेडिओवर भाऊंचा आवाज ढगासारखा गडगडायचा. प्रत्यक्षात माणूस ताईंच्या खांद्याला लागत होता.

"इकडे, खाली," भाऊ गडगडले. आणि दोघं इतके हसले, इतके हसले, की खाडीतले दोन देवमासे दचकून वर आले. शपथेवर सांगतो.

दोन दिवस नुसता आनंदीआनंद. आणि सहीच्या सकाळी ताई होडीघराकडून धावत आल्या. चेहरा पांढराफटक.

"होडीघरामागच्या वडीवर," त्या म्हणाल्या, "दात आहेत."

२

वडी म्हणजे मेणाची वडी, शेंगदाण्याचा वास लावलेली. उंदीर नाही अशा बेटावर जागोजागी पेट्यांमध्ये तारेला त्या टांगून ठेवतात. चुकून एखादा उंदीर आलाच, तर वासानं येतो, कुरतडतो, आणि दातांची सही करून जातो. ताईंच्या बेटावर अशी सही कित्येक वर्षांत झाली नव्हती.

आम्ही सगळे धावलो. वडीच्या कडेला समोरच्या दोन दातांच्या खाचा अगदी स्पष्ट. कुणाला शंकाच नको.

"कुणी हात लावू नका," ताई म्हणाल्या. "आणि बेट बंद. नियम म्हणजे नियम. सगळं बेट हुंगून होईपर्यंत नकटी इथून हलणार नाही."

भाऊ मटकन खाली बसले. "ताई, हुंगायला दोन महिने जातील."

"जाऊ देत."

"माझे पक्षी निघालेत. ते वाटेत कुणासाठी थांबत नाहीत. कप्तानाचं जहाज आज भरतीला खडकातून बाहेर पडलं नाही तर पुढची फेरी थेट हंगाम संपल्यावर. या वर्षीची पिल्लं गेली, तर त्या कड्यावर काही उरायचं नाही, ताई. काहीच नाही."

"मग येताना उंदीर कशाला आणलात?"

"मी आणला?" भाऊ असे गरजले की पेटीवरची धूळ उडाली. "माझं सामान तुम्ही स्वतः तपासलंत! मोजे उलटे केलेत! बुटाच्या तळव्यातलं गवताचं बी चिमट्यानं काढलंत! उंदीर काय मी दाढीत लपवून आणला?"

ते मात्र खरं. वरच्या बेटावर झाडाझडतीची एक खोली होती. फटी बुजवलेली, दारं घट्ट. तिथं सगळं झटकल्याशिवाय सुईसुद्धा पुढे जात नसे. माझ्या टोपीतून एकदा त्यांनी जिवंत टोळ काढला होता, तो टोपीत असल्याचं मलाच माहीत नव्हतं.

दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. इतक्या वर्षांची मैत्री, आणि आता रेडिओ समोर असता तर तोही फोडला असता. मग ताई माझ्याकडे वळल्या.

"कप्तान, तुम्ही ना इकडचे ना तिकडचे. छडा लावा. भरतीच्या आत."

मंडळी, माझ्या अंगावर असा काटा आला म्हणून सांगू! समुद्रात वादळं पाहिली, पण बिनवाऱ्याचं वादळ पहिल्यांदाच. मी म्हटलं, "आधी नकटीला आणा."

नकटीला सांभाळणारी एक बाई होती. बेटावर तिला सगळे 'नकटीची आई'च म्हणायचे. नकटीला पिल्लू असल्यापासून तिनंच वाढवलं, तिनंच शिकवलं. बाई दिसायला बरी, पण राग असा नाकाच्या शेंड्यावर, की पापड भाजून घ्यावा.

(इथं आमच्या सौभाग्यवतींनी घसा खाकरला. त्यांना थंडी बाधते.)

तर नकटीच्या आईनं आपल्या खोलीसमोर नकटीला सोडलं. दोघींची खोली एकच. नकटीनं दारातच जमिनीला नाक लावलं. समोरची पायवाट सरळ होडीघराकडे जात होती, पण ती पायवाटेनं गेलीच नाही. पाण्याच्या टाकीमागून वळसा, झुडपांच्या आडून, दगडी कठड्याच्या कडेकडेनं, शेपूट हलवत हलवत नेमकी पेटीपाशी गेली आणि बसली. बसणं म्हणजे तिची खूण: इथं उंदराचा वास आहे.

"बघा!" ताई म्हणाल्या.

पण नकटी उठली. पुन्हा जमिनीला नाक, पुन्हा कठडा, झुडपं, टाकी, आणि आपल्याच खोलीच्या दारात जाऊन बसली. शेपूट तशीच हलतेय.

"दमली बिचारी," नकटीची आई म्हणाली. "गोंधळलीय."

सगळ्यांना पटलं. एका माणसाला सोडून.

३

आता चौकशी. मी जेवणघरात टेबलाशी बसलो आणि एकेकाला बोलावलं.

आधी आले पक्ष्यांचे डॉक्टर. हे वरच्या बेटाचे शास्त्रज्ञ. सगळं आयुष्य पक्षी मोजण्यात गेलेलं, त्यामुळे माणूस समोर आला तरी आधी मोजायचे, मग ओळखायचे.

"करार व्हावा असं तुम्हाला वाटत नव्हतं म्हणे?"

"कुणाला वाटेल? जन्मभर कड्यावर लटकून मी मोजणी केली, आणि आता ती दोघांच्या नावावर! त्या खालच्या बेटावरची माणसं बगळा आणि टोपी यांतही फरक करत नाहीत."

"म्हणजे तुमच्याकडे कारण होतं."

"होतं ना," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "सुचलं मात्र नाही, याचं वाईट वाटतंय."

मग भाऊ. त्यांना मी एवढंच विचारलं, "रोजच्या त्या 'उंदीर काय म्हणतात'चा राग यायचा का?"

भाऊ म्हणाले, "कप्तान, तिकडे माझ्या बेटावर वर्षातून चार वेळा नवीन चेहरा दिसतो, आणि त्यातल्या तीन वेळा तो तुमचा असतो. सकाळी कुणीतरी आपल्याला चिडवतंय, याचा राग येत नाही हो. कधी रेडिओ बंद असला तर दिवस जाता जात नाही."

मग नकटीची आई. हाताची घडी घालून उभी राहिली. "विचारा."

"नकटी जाणार, तर तुम्हाला कसं वाटतंय?"

"कुत्रीला काय विचारायचंय? कागदावर लिहिलंय, जाणार म्हणजे जाणार."

"मी तुमचं विचारतोय."

"माझं कागदावर काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली आणि गेली. दार असं आपटलं की टेबलावरचा चहा माझ्या मांडीवर आला.

चहा पुसता पुसता माझ्या डोक्यात वीज चमकली. मी उठलो आणि बेटावरच्या बाकीच्या पेट्या बघत सुटलो. पळत! त्या बेटावर शंखात राहणारे खेकडे. त्यांना खायला काहीही चालतं. एकदा माझा डावा बूट घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी उजव्यासाठी आले. तारेवरून उतरून ते वड्यांनाही चिमटे काढतात. एकूण एक वडीवर बारीक ओरखडे, आणि उन्हानं एक बाजू पांढुरकी.

होडीघरामागच्या वडीवर? एक ओरखडा नाही. रंग पिवळाधमक. नुसते दात.

"ताई!" मी ओरडलो. "ही वडी कालपर्यंत इथं नव्हतीच! कुणीतरी कुरतडलेली वडी आणून टांगली! तुमच्या बेटावर उंदीर नाही!"

ताईंना हसावं की रडावं कळेना. भाऊ उड्या मारायला लागले. मग एकदम डॉक्टरांनी चष्मा पुसत विचारलं, "पण उंदीर नसलेल्या बेटावर कुरतडलेली वडी आली कुठून?"

भाऊंच्या उड्या थांबल्या.

"बरणी," ताई हळूच म्हणाल्या.

भाऊंनी येताना आपल्या बेटावरच्या कुरतडलेल्या वड्या एका बरणीत सीलबंद करून आणल्या होत्या. नकटीनं जायच्या आधी तिकडच्या उंदरांचा वास ओळखून ठेवावा म्हणून. झाडाझडतीच्या खोलीत ताईंनी ती बरणी हातोहात फ्रीझरमध्ये ठेवली होती. आम्ही सगळे तिकडे पळालो. ताईंनी फ्रीझर उघडला.

बरणीचं सील फोडलेलं होतं.

४

"तुमची बरणी," ताई भाऊंना म्हणाल्या. आवाज अगदी खाली आला होता, आणि ताईंचा आवाज खाली आला की माणसानं वर चढावं. "इतक्या वर्षांच्या चिडवण्याचा सूड काढलात ना? 'ताईंच्या बेटावरपण उंदीर' असं सगळीकडे सांगायला?"

"ताई, मी माझेच पक्षी मारू का?"

"गंमत अंगाशी आली, झालं. ज्याच्या शब्दावर मी डोळे मिटून भरवसा ठेवला, तो माझ्याच पेटीत खोटे दात लावतो? अशा माणसाशी करार नाही. नकटी नाही. जा तुम्ही."

बुटका माणूस आणखी बुटका झाला. बाहेर भरतीचं पाणी खडकांवर चढायला लागलं होतं, जहाजाचा भोंगा वाजला. माझा मदतनीस बोलावत होता.

मंडळी, इथंच मी हात वर केला. "थांबा! भरतीला म्हणावं, जरा दम धर. मी सांगतो कोण ते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"उंदीर बेटावर नाही, हे ठरलं. मग सकाळी नकटी जमिनीला नाक लावून कशाच्या मागे गेली? पायवाट सोडून, टाकीमागून, झुडपांतून? वडीला उंदराचा वास आहे, म्हणून तिथं ती बसली, ते ठीक. पण तिथवर ती कुणाच्या वासानं पोचली? कुणीतरी लपतछपत त्याच वाटेनं गेलं होतं. आणि त्याच वाटेनं परत आलं होतं. नकटी दोन्ही वाटा दाखवून गेली."

"कुणीही असेल," डॉक्टर म्हणाले.

"कुणीही? डॉक्टर, ती वाट सुरू कुठून झाली? नकटीच्या दारातून. संपली कुठं? नकटीच्याच दारात. उंदराचा माग लागला की तिची शेपूट काठीसारखी ताठ होते, हे तुम्ही रोज बघता. सकाळी ती हलत होती. नकटी जगात फक्त एका माणसाच्या मागे शेपूट हलवत जाते."

मी सावकाश वळलो.

नकटीची आई भिंतीला टेकून उभी होती. रागानं नाही, पहिल्यांदाच, भीतीनं.

५

"का ग?" ताईंनी विचारलं. "नकटीला तूच तर शिकवलंस याच कामासाठी."

"म्हणूनच," ती म्हणाली. "करारात मी सगळं वाचलं, ताई. नकटीचं खाणं काय, अंथरूण कुठलं, लस कधी, पायात काटा गेला तर काय करायचं. सगळं. मी कुठं आहे? मी त्यात नाहीच. ती माझ्याशिवाय रात्रभर रडते, हे तिकडे कुणाला माहितीय? मला वाटलं, बेट बंद झालं की ती राहील. पक्ष्यांचं... पक्ष्यांचं मी मनातच येऊ दिलं नाही."

ताई भाऊंकडे वळल्या. "तुमच्याकडे कुत्री सांभाळणारं माणूस आहे ना?"

"माझ्याकडे?" भाऊ म्हणाले. "माझ्याकडे पंपसुद्धा मीच सांभाळतो. कुत्रीबरोबर तिची आई येणार, हे मी धरूनच चाललो होतो."

"मग लिहायला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आधीच कुत्री देताय. वर 'माणूसही द्या' कसं म्हणायचं? तुम्ही का नाही विचारलंत?"

"मला वाटलं, विचारलं तर तुम्हाला वाटेल, ताईंचा आपल्यावर भरवसा नाही."

बघा! इतकी वर्षं रोज बोलणारी दोन माणसं. भांडायला संकोच नाही, चिडवायला संकोच नाही. आणि एक साधी गोष्ट मागायची तर दोघांच्या तोंडाला कुलूप! दोघांनी एकमेकांचा मान राखला, आणि तिसरीचा जीव टांगणीला लागला.

ताईंनी तिथल्या तिथं करारात लिहिलं, 'नकटी आणि तिची आई.' भाऊंनी सही केली, ताईंनी सही केली. मग ताई नकटीच्या आईला म्हणाल्या, "हंगाम संपला की परत ये. तुला ओरडायचं बाकी आहे, ते मी राखून ठेवते."

आणि मग जी पळापळ झाली! अंथरूण, भांडी, नकटी, आई, भाऊ, सगळं होडीत कोंबलं. भरती उतरायला लागली होती. मी जहाज खडकांच्या फटीतून असं काढलं, असं काढलं, की दोन्ही बाजूंचा रंग खरवडून निघाला आणि मागून खडकांनी टाळ्या वाजवल्या. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण या नकटीच्या पाठवणीत एकच आलं, आणि तेही तिच्या आईचं.

त्या हंगामात नकटीनं भाऊंच्या बेटावरचा शेवटचा उंदीर हुडकून काढला. कडा पिल्लांनी इतका पांढरा झाला, की दुरून जाणाऱ्या जहाजांना वाटायचं, बर्फ पडलंय. रेडिओवर रोज सकाळी ताई विचारायच्या, "काय भाऊ, उंदीर काय म्हणतात?" आणि भाऊ म्हणायचे, "कोण उंदीर?"

आणि हे सगळं कुणामुळे? या दोन डोळ्यांमुळे आणि या एका मेंदूमुळे. तिथं फ्रीझरसमोर मी वळून नुसतं बघितलं, तशी ती नकटीची आई, एवढी तिखट बाई, माझ्या पाया पडली आणि हुंदके देत म्हणाली, "कप्तान, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. मी..."

"खोटं!"

आमच्या सौभाग्यवती हातातलं विणकाम टाकून उठल्या होत्या.

"पाया पडले म्हणे! देवमासे दचकले, खडकांनी टाळ्या वाजवल्या, ते सगळं मी ऐकून घेतलं. पण पाया? अहो, तुम्हाला काही एक कळलेलं नव्हतं! तुम्ही तर भाऊंना दोरीनं बांधायला निघाला होतात. नकटीनं माझी वाट दाखवली, ते ओळखलं मी एकटीनं, आणि तुम्हाला सांगितलंही मीच, पुढे जहाजावर. ताईंसमोर मी आपण होऊन कबूल केलं, कारण भाऊंचा तो चेहरा मला बघवेना. आणि त्या वेळी तुम्ही कुठं होतात, सांगू का या मंडळींना? जेवणघरातल्या टेबलावर उभे होतात! पँट गुडघ्यापर्यंत वर धरून! खाली उंदीर असेल म्हणून!"